भाग नाही, नळ आला

केबल आली त्या वर्षी रामबागेत
एकाच घरातून इंग्रजी हसू ऐकू यायचं,
ते आमचं.
रविवारी साडेआठ.
आई त्यांना सोफेवाले म्हणायची.
"लागले का सोफेवाले?" म्हणत
कुकरची शिट्टी काढून ठेवायची.

बाबा नगर निगमात, नकाशा मंजुरीत.
दुसऱ्याच रविवारी त्यांनी सोफेवाल्यांचं घर कागदावर उतरवलं,
एका फेटाळलेल्या अर्जाच्या पाठीवर, एकास पन्नास:
बैठक, ओटा, हिरवं दार, जिना.
जिना वर कुठे जातो ते शेवटपर्यंत कळलं नाही.
आणि चौथी भिंत?
"चौथी भिंतच नाही," बाबा म्हणाले, "मंजुरी मिळायची नाही."
आईची हरकत वेगळी होती:
बूट घालून गादीवर.

मग वही सुरू झाली. तारीख, वेळ, हकीकत.
"धाकटीचा दात पडला. सगळे हसले."
"आजोबांनी गाडी कुंपणात घातली. सगळे हसले."
"वीज गेली. शेवट कळला नाही."
नर्मदेचं पाणी दिवसाआड यायचं,
तेही वहीत शिरलं:
"भाग नाही. नळ आला."

शेवटी नावं सरसर वर जायची,
त्यांच्या खाली एक क्षण रोमन आकडे.
ते धरायला बाबांना चार रविवार लागले.
एकोणीसशे एकोणऐंशी.
"म्हणजे ही," त्यांनी काचेवर बोट ठेवलं,
"हिला आता पोरं असतील."
आईचा खलबत्ता थांबला.
"शिळं दाखवतात?"
"शिळंच. पण झाकून ठेवलेलं."

पुढे ते साडेआठवरून बुधवारी अकराला गेले,
तिथून दुपारी तीनला,
तेव्हा घरी फक्त आई.
वही तिच्याकडे आली. "आज पण तेच लोक," एवढंच लिहायची.
आणि एका दुपारी सगळे काळ्या कपड्यांत,
आजोबांची खुर्ची रिकामी, अर्धा तास कुणीही हसलं नाही.
आईने टीव्हीवर कापड टाकलं, अंघोळ केली.

पुढच्या आठवड्यात हिरवं दार उघडलं
आणि कागदी पिशवीत भाजी घेऊन
आजोबा आत.
"अगंबाई, आले!" आई इतकी ओरडली
की शेजारच्या बुळे काकू धावत आल्या.

बाबांनी बबलेश केबलवाल्याला अडवून विचारलं.
"अपने हाथ में कुछ नहीं, आगटे साब,
ऊपर से ही उल्टा आ रिया है."

मधे दोन महिने सोफेवाले हिंदीत बोलले.
आईला शब्द न् शब्द कळला,
ती एकदाही हसली नाही.
"आधी बरं होतं," म्हणाली,
"आता काय बोलतात ते कळतं."

मग त्या जागी मुंग्या. नंतर साड्यांची जाहिरात.
बाबा निवृत्त झाले होते, वही परत त्यांच्याकडे.
दर बुधवारी, सवयीने, अकराला:
"भाग नाही."
"भाग नाही."
मार्चच्या मध्यावर: "भाग नाही. नळ आला."
त्याखाली माझं अक्षर आहे:
रिक्षा, फुलं, गुरुजी, परत रिक्षा.

आता सगळं फोनमध्ये मिळतं,
एक ते एकशे बासष्ट, ओळीने, एकही गाळलेला नाही.
या दिवाळीत आईला दाखवायला घेतलं.
कान गेलेत, हसू ऐकू येत नाही,
दाराकडे बघते फक्त.
काळे कपडे आले. गेले.
पुढच्या भागात हिरवं दार उघडलं, शेजारी आला.
त्याच्या पुढच्यात जावई.
मग टपालवाला.
मग कुणाचं तरी कुत्रं.

चार भाग ती थांबली.
मग फोन माझ्याकडे सरकवला.

"हे तू नीट लावलेलं नाहीस," म्हणाली.
"तो बबलेश लावायचा, तसं लाव."