आरी

फातिकच्या बियाणे-गोदामात
मी शेंगा फोडते, शंभर मोजून.
आज पोतं म्बिसिन काकूचं.

शेंगा टपोऱ्या, जाळीदार, नजर लागावी अशा.
कानाशी धरून हलवते.
भरलेली वाजते. ही गप्प. हीसुद्धा.
शंभरात एकेचाळीस पोचट.

"पाला बघितला होतास ना गं?" काकू म्हणते.
बघितला होता. गुडघाभर, गर्द,
शेजारचा वाली येताजाता बांधावर थांबायचा.
अल्मेरियाहून लातिरने पैसे धाडले होते,
प्लास्टिकच्या छपराखाली टोमॅटो तोडून तोडून;
त्यातून सहा पोती मिश्रखत आलं
आणि वर पोटॅश, जास्तीचं, हौसेनं.
मुळांनी सगळं घेतलं. खोटं कशाला बोलू.

पण काकू, शेंग चुना मुळाच्या हातून घेत नाही.
फूल कोमेजतं, आरी सुटते,
वाकत वाकत वाळूत शिरते
आणि तिथल्या अंधारात
स्वतःच्या सालीनं चाटते तो.
बोटभर खोलीतला,
अंगाला लागून असेल तेवढाच.
एकदा पानात चढलेला चुना
खाली उतरून येत नाही लेकरापाशी.
आणि तुझं पोटॅश नेमकं दारात उभं होतं.

भरल्या शेंगेतला एक दाणा नखानं उकलते.
दोन डाळी, मधे कोंब,
काळा.
विझल्यावर वातीचं टोक दिसतं तसा.
तेल निघेल याचं, बेताचं.
रुजायचा नाही.

काकू दाणा तळहातावर घेऊन उजेडात नेते.
खाडीकडून खारं वारं येतं, टरफलं उडतात.
"लातिरला काय सांगू?"

तक्त्यात मी लिहिते: बियाण्यास अयोग्य.
खाली, जिथे काही लिहायचं नसतं तिथे:
पुढल्या खेपेस फुलं दिसताच जिप्सम.
ओळीवर, बुडाशी, मुठीनं.
वाचून दाखवते.

"मुठीनं," काकू म्हणते. "कुणाच्या?"

मी पुढचं पोतं सोडते.
पोचट शेंगा ती ओच्यात भरते, गाढवासाठी.
त्यातली एक बाजूला काढते,
कानाशी नेते,
बराच वेळ हलवत राहते,
मग कमरेला खोचते.