बिनतारी कुंड्या

तेहतीस वर्षं माझं काम एकच:
झाडाला तारेपासून लांब ठेवायचं.
मे महिन्यात बांबूला कोयता बांधून
मानेवाड्यापासून म्हाळगीनगर चौकापर्यंत
कडुनिंब, गुलमोहर, कुणाचाही मुलाहिजा न ठेवता
फांद्या उतरवल्या.
लोक खालून ओरडायचे, सावली चालली ना बाप्पा!
मी शिडीवरून विचारायचो,
सावली पाहिजे का पंखा?

आणि आता गच्चीवर मांडी घालून
वांग्याच्या रोपाशेजारी तार रोवतो आहे.

गजभियांच्या निशांतनं डोक्यात भरवलं.
म्हणे, हवेतच असते वीज, काका,
आभाळातून मातीत उतरायला वाट शोधत असते,
आपण फक्त तांब्याची काडी उभी करायची.
मी म्हटलं, बेटा, ती उतरताना मी पाहिली आहे.
डावा तळवा उघडून दाखवला.
तो म्हणाला, तेवढी नाही हो. थोडीशी.

थोडीशी वीज.
खात्यात ही भाषा कधी ऐकली नव्हती.

इतवारीत तांब्याचा भाव विचारला आणि तसाच परत आलो.
माळ्यावर जळक्या कूलरची मोटर होती, ती फोडली.
वाइंडिंग उलगडता उलगडता
संध्याकाळपर्यंत मांडीवर
एक जुना उन्हाळा सुटा झाला.
ब्लेडनं वार्निश खरवडलं,
वार्निशातून काही जात नाही एवढं मला माहीत.
बांबूच्या कामटीवर एकवीस वेढे, घड्याळाच्या दिशेनं,
टोक उत्तरेला,
म्हणजे कोराडीच्या चिमण्यांकडे.
हसू आलं. मागायची तर तिकडूनच.

आठ कुंड्या. चौघींना तार, चौघी बिनतारी.
माती एक, शेणखत एक, पाणी लोट्यानं मोजून.
वांगं, भेदरं, मिरची, सांबार, दोन्हीकडे सारखे.
पोरीच्या जुन्या वहीत रोज सकाळी
उंची, पानं, शेरा.
शेरा बहुतेक दिवशी: काही नाही.

पहिल्या रात्री टेस्टर लावून पाहिला तारेला,
कुणी बघत नाही ना, हे बघून.
दिवा लागला नाही.
तरी हात मागे घेताना जपूनच घेतला.

मार्गशीर्षात थंडी उतरली.
मिरचीच्या तारेवर एक शिंजीर येऊन बसू लागला,
एवढासा, निळाकाळा, शेपटी हलवत.
वहीत तेही लिहिलं,
त्याला रकाना नव्हता तरी.

एक्केचाळिसाव्या दिवशी हिशेब केला.
तारेचं वांगं एकतीस सेंटिमीटर.
बिनतारी, साडेबत्तीस.
भेदरं बिनतारीच पुढे, मिरचीही.
सांबार दोन्हीकडे सारखाच रुसलेला.
वही मिटून खाली आलो,
निशांतला काय सांगायचं ते जिन्यात जुळवत.

कुंदा तांदूळ धूत होती.
धुवण वेगळ्या पातेल्यात काढत होती.
हे काऊन ठेवते?
ती म्हणाली, त्या चार कुंड्यांसाठी.
तुम्ही त्यांना काहीच लावलं नाही,
कोपऱ्यात उघड्याच उभ्या बिचाऱ्या.
मी टाकत असते, तुम्ही आंघोळीला गेले की.

कधीपासून?

पहिल्या दिवसापासून.

तेहतीस वर्षांत किती मीटर तपासले,
किती घरांच्या मागे उभं राहून
वर मान करून पाहिलं,
आणि माझ्याच गच्चीवर, रोज, माझ्या नाकाखाली.
ओट्याला टेकून मी पेन उघडलं.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
आकडा टाकलेला आढळला.
दंड नाही.

उद्यापासून पुन्हा पहिला दिवस.
ती म्हणते, मग आठही जणींना द्या.
मी म्हणतो, एकीलाही नको, नाहीतर कळणार कसं?
ती म्हणते, काय कळायचं आहे?

पातेलं अजून ओट्यावरच आहे.