नकटा भाडेकरू

एल आल्तोच्या उतारावर एउलोखिया काल्यिसायाचं
शिवणाचं दुकान: पत्र्याचं छप्पर, एक पायमशीन,
अर्धवट शिवलेले घेरदार परकर,
आणि वरच्या फळीवर, लोकरीची कानटोपी घातलेले
सेन्योर फेर्मीन.

इकडे अशांना नकटुले म्हणतात.
नाक आधी जातं ना. कूर्चेचं काम, टिकत नाही.
बाकी सगळं जागच्या जागी:
खोबणीत कापूस, दातांत सिगारेट,
पुढ्यात कोकाची पानं, सोमवारी मेणबत्ती.
चोर दोनदा दाराशी येऊन परत गेले म्हणे.
आत कुणी म्हातारा खोकत होता.

तीस वर्षं ती त्यांच्याशी बोलते.
नवऱ्याचं पिणं, दुसऱ्या बाळंतपणातली रात्र,
आणि एक गोष्ट, जी पाद्र्यालाही सांगितली नाही.
बोलताना सुईत दोरा ओवते. वर बघत नाही.

परीक्षेच्या आदल्या रात्री नात आली, लिसेथ.
टोपी काढून तिनं कवटी
कापडाच्या ढिगावर उलटी ठेवली, वाटीसारखी,
आणि बोटानं वाचत गेली, मोठ्यानं:
हे महारंध्र, इथून मज्जारज्जू खाली उतरतो.
हे जतुकास्थी, डोळ्यांमागे पंख पसरून बसलेलं वटवाघूळ.
ही टाळू. जन्मताना उघडी होती, मग मिटली.
आणि या शिवणी, आजी. पुस्तकातही शिवणीच म्हणतात.

आजीनं चष्मा लावला. टाका पाहिला.
नागमोडी, बारीक, कुठेही उसवलेला नाही.
म्हणाली, हात चांगला आहे.

पोरीचं बोट भुवईपाशी अडलं.
मग कानामागच्या उंचवट्यावर. मग परत भुवईवर.
"आजी, हे पुरुषाचं नाही वाटत.
कड बघ किती पातळ. आणि शिवणी अजून ताज्या.
बाई असावी. असेल माझ्याएवढी, थोडी मोठी."

मशीनचं चाक जरा फिरून थांबलं.
बाहेर मिनीबसचा पोऱ्या थांब्यांची नावं ओरडत गेला.

"नाव तर स्वप्नात येऊन सांगितलं," आजी म्हणाली.
"पहिल्याच आठवड्यात. फेर्मीन. फेर्मीन. दोनदा."
मग परकराची चांगली घातलेली कड
तिनं उसवली
आणि पुन्हा घालायला घेतली.

बऱ्याच वेळानं:
"स्वतःचं नाव नव्हतं गं ते.
कुणाला तरी हाक मारत होती.
आणि मी तीस वर्षं
त्या हाकेनंच तिला हाक मारत राहिले."

आठ नोव्हेंबरला फुलांचा मुकुट घालून
तिला दफनभूमीत न्यायचं आहे, बँड ठरलाय.
सिगारेट काढू का, लिसेथनं विचारलं.
"का? बाईला तल्लफ येत नाही?"
कानटोपी मात्र आजीनं नीट खाली ओढली,
कान असते तिथवर.

दिवा मालवायच्या आधी
हातात सुई नसताना, दोरा नसताना
तिनं फळीकडे वर पाहिलं.
"बरं," म्हणाली. "आणि तुझं?"