चौथा खाना

इंजिनाच्या पोटात नखाएवढा डिकोडर,
त्यात आकड्यांचे खाने.
तिसऱ्यात वेग कसा धरायचा ते,
चौथ्यात कसा सोडायचा.
कारखान्यातून येताना चौथ्यात असतात दोन:
बटण फिरवलं की जागच्या जागी खिळा.

आउएच्या अग्निशमन केंद्राच्या माडीवर
दर गुरुवारी आमची गाडी धावते,
खरीपेक्षा सत्त्याऐंशी पट लहान.
फलाटावर लाल सूटकेसवाली बाई,
जरा तिरकी चिकटलेली.
तीस वर्षं झाली, कुठं गेली नाही.

एकेहार्ड लोश्नर खऱ्या मालगाड्या हाकायचे.
हिवाळ्यापासून त्यांचा उजवा हात थरथरतो.
कॉफी बशीत सांडते, ते बशीतूनच पितात,
कुणी काही बोलत नाही.
पण बटण चुगली करतं.
बोटं हलली की वेग हलतो,
हिरवं इंजिन उचकी लागल्यासारखं
तीन डब्यांना हिसके देत येतं.
मागच्या खेपेला सूटकेसवाली आडवी झाली.
"चाकं घाण असतील," लोश्नर म्हणाले.
मी चाकं पुसली.
स्वच्छ होती.

ते गेल्यावर इंजिन बाजूच्या रुळावर घेतलं.
चौथ्या खान्यात वीस लिहिले. मग चाळीस.
दिवे मालवायला आलेल्या उवेनं विचारलं, काय चाललंय?
म्हटलं, तेलपाणी.
साठ. तिसऱ्यातही साठ.
आता भर वेगातून थांबायला मिनिटभर लागणार.
मी पाच वेळा चालवून पाहिलं,
पाचही वेळा फलाट ओलांडून
ते शेवटच्या अडसरावर जाऊन आपटलं.
उपकार करायला गेले
आणि गाडीच बिघडवून ठेवली.

पुढच्या गुरुवारी मी काही सांगितलं नाही.
त्यांनी बटण धरलं.
बोटं नाचत होती,
इंजिन नाही.
सगळी थरथर आत कुठंतरी जिरवून
ते एका चालीत चाललं होतं,
गाभण गाईसारखं.

बोगद्यातून बाहेर पडायच्या आधीच,
गाडी कुणालाच दिसत नसताना,
त्यांनी बटण शून्यावर आणलं
आणि हात खिशात घातला.
खिशाचं कापड हलत राहिलं.
"अहो, फलाट अजून कुठाय!" उवे ओरडला.
लोश्नर मोजत होते, नुसते ओठ हलत होते.
मग म्हणाले,
"बाराशे टनांना आत्ता थांब म्हणून चालत नाही.
मागच्या गावातच सांगून ठेवावं लागतं."

कुरण. लाकूडकापणीचा कारखाना. दुधाचे कॅन.
गाडी येत गेली, येत गेली,
आणि सूटकेसपासून बोटभर अंतरावर
थांबली, की थांबायची राहिली,
क्षणभर कळलंच नाही.

माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं,
"साठ?"
"साठ."
"पंचावन्न कर.
इंजिन एवढं म्हातारं नाही."