किती वेळ, किती वेळा

गुरुवारी सहाला, विगनच्या लायब्ररीत,
मॉरीनबाई फळ्यावर एक उभी रेघ मारतात.
डावीकडे मोजता येणारी नामं: खुर्ची, अंडं, बस.
उजवीकडे न येणारी: पाणी, साखर, सल्ला,
आणि पैसा.

पैसा?
रात्रपाळी करून आलेला तेकले खडबडून जागा होतो.
महिनाअखेरीला आम्ही दुसरं करतो काय?
बाई म्हणतात, पौंड मोजा, नाणी मोजा,
पैसा मोजता येत नाही.
बरं.

तांदूळही उजवीकडे गेले.
जन्मभर मी ते अनेकवचनात निवडले,
इथे आख्खं पोतं एकवचनी.
कामं आटोपली, असं म्हणायची सोय नाही;
काम एकच, आणि ते संपत नाही.
हे मात्र पटलं.
केसांचं तर न्यारंच:
डोक्यावर आहेत तोवर एकवचन,
सूपमध्ये पडला की मोजायचा.

सकाळी सातला केअर होममध्ये
मी चहाची गाडी ढकलत नेते.
एन्टविसल आजोबा तीन बोटं वर करतात,
'थ्री शुगर्स, लव्ह.'
ऐंशी वर्षं या गावात काढलेला माणूस,
त्याला मी काय सांगू साखरेचं व्याकरण?
डायबेटिस आहे.
एकच घालते, तीनदा ढवळते.

दर दहा मिनिटांनी ते विचारतात, बायको आली का.
रजिस्टरमध्ये रकाना आहे: किती वेळा विचारलं.
मी रेघा ओढते, चार उभ्या, पाचवी आडवी.

पुढच्या गुरुवारी बाई 'टाइम' लिहितात
आणि मार्कर हातात धरून थांबतात.
हा शब्द म्हणे रेघेच्या दोन्ही बाजूंना बसतो.
वर्ग गोंधळतो. मी नाही.
आमच्यात तो वेळ वेगळा, ती वेळ वेगळी.
तो मोजता येत नाही, ती येते.
किती वेळ, किती वेळा,
मध्ये फक्त एक काना.

लिहून दाखव, बाई म्हणतात.
मी उठते. लिहिते.
शेवटी काना देते, जरा लांबच होतो,
बाईंच्या रेघेशेजारी दुसरी रेघ.
तेकले विचारतो, एवढ्यानं भागतं?

शनिवारी आजोबांनी विचारलं, बायको आली का.
म्हटलं, वेळ आहे अजून.
चहा निवत होता.
चार उभ्या झाल्या होत्या,
मी आडवी मारली.