सात ग्रॅम

उद्यमबागेत आमच्या शेडमध्ये
ओतशाळेतून बिडाची चाकं येतात,
अंगाला अजून जळक्या वाळूचा वास.
माझं काम एवढंच :
फिरवून बघायचं, कुठली बाजू जड.

उभं असताना चाक काही सांगत नाही.
हातानं ढकललं तरी गुमान फिरतं,
पाहुण्यांसमोर बसवलेल्या पोरासारखं.
पंधराशे फेऱ्यांवर नेलं की मात्र
टेबलावरचा चहाचा कप
आपणहून कडेकडे सरकायला लागतो.

सात ग्रॅम.
निपाणीच्या बिडीकट्ट्यातली तंबाखू
मोकळी करून तळव्यावर घेतली, तर फार तर तेवढी.
खरं, चाकाच्या मधोमधपासून अर्ध्या फुटावर बसलेली ही तंबाखू
पंधराशे फेऱ्यांत अडीच किलोंसारखी बाहेर ओढते,
आणि वेग दुप्पट केला
तर ओढ दुप्पट होऊन थांबत नाही,
चौपट होते. दहा किलो.
बेअरिंग रडतं ते त्यासाठी.
मालक म्हणतात, मशीन जुनं झालं.

इराण्णा नवा, यरगट्टीकडचा.
त्याचं मराठी खडीवरच्या सायकलीसारखं,
माझं कन्नड त्याहून वाईट.
मी चाकाला ड्रिल लावलं, तसा तो कळवळला :
"होस चाक! भोक याके?"

काय सांगणार?
बाहेर नेलं त्याला. माझी सायकल उलटी केली,
पुढचं चाक फिरवून सोडून दिलं.
बराच वेळ फिरलं ते, कुणी ढकलत नसताना.
मग दमलं, मागं गेलं, पुढं आलं,
थांबलं : व्हॉल्व खाली.
पुन्हा फिरवलं. व्हॉल्व खाली.
तिसऱ्यांदा त्यानंच फिरवलं, जोर लावून,
आणि वाकून वाट बघत बसला.
व्हॉल्व खाली.
"भार," तो म्हणाला.
"भार," मी म्हणालो.
एकच शब्द आहे हे
मला घरी जाताना कळलं.

जड बाजू शोधायची, तिथंच पोखरायचं.
हलक्या बाजूला भर घालता येते की नाही?
येते. वेल्डिंग मारतात काही जण.
दुंडाप्पा मिस्त्री त्याला लाच म्हणायचे.

त्यांच्याच काळात, प्रेसवर,
माझ्या डाव्या तर्जनीचं वरचं पेर गेलं.
त्याचं वजन कुणी केलं नाही.
सहा महिने बादली धरताना पाणी सांडायचं,
मग हातानं कुठंतरी, मला न विचारता,
आपला हिशेब लावून घेतला.

पाचला सुटलो. तिसरं गेट बंद.
मालगाडी उभी होती, ती निघाली :
इंजिननं आधी एकच डबा ओढला,
मग दुसरा, मग तिसरा,
खण् खण् खण् आवाज मागं मागं पळत गेला.
सगळ्या साखळ्या आधीच ताठ असत्या
तर हललीच नसती कदाचित.
माझ्या शेजारी दूधवाला मोटरसायकलवर,
एक पाय टेकून. त्यानं हॉर्न दिला.
मालगाडीला.

घरी शालननं पँटचा खिसा उलटा केला.
बिडाचा चुरा, काळा, बारीक.
"रोज काय हे आणूलाईस?"
"जास्तीचं," मी म्हटलं.

ती ओरडते, खरं टाकत नाही.
डालड्याच्या जुन्या डब्यात भरते,
चार वर्षं झाली.
आषाढात जांबोटीकडून वारा सुटला
की मजगावात सगळ्यांची दारं आपटतात.
आमच्या दाराला तो डबा लावलेला असतो.
परवा भाचीनं सरकवायला बघितला,
एका हातानं, मग दोन्ही हातांनी,
मग खाली बसून दोन्ही पायांनी.
पाय लावले तशी तीच मागं सरकली
गुळगुळीत फरशीवरून,
आणि हसायला लागली.