खाट नाही

रात्रपाळीला मी फोन लावते.
मेनच्या पार उत्तर टोकाचं इस्पितळ, नदीपलीकडे कॅनडा.
टेबलाच्या काचेखाली एकोणीस नंबरांची यादी,
कडा कॉफीनं पिवळ्या.
"मानसोपचार वॉर्डात खाट आहे का?"
नाही. नाही. वय किती? नाही. उद्या बघा.
पोर्टलंडची बाई आता माझा आवाज ओळखते,
नाही म्हणायच्या आधी विचारते,
तुमच्याकडे बर्फ किती?

रेमी थिबोडो, वय सतरा, दिवस अकरावा.
इमर्जन्सीच्या बोळात चाकांच्या खाटेवर.
बुटांच्या नाड्या काढून घेतलेल्या, पट्टाही.
डोक्यावर दिवा, जो कुणालाच विझवता येत नाही.
शेजारच्या खुर्चीत डेप्युटी लॅग्रास पेंगतो, कमरेला पिस्तूल.
गुन्हा? जगावंसं वाटत नाही,
असं पोरानं शाळेत खरं सांगितलं.

आई बटाट्याच्या गोदामातून थेट यायची,
नखांत माती तशीच,
आणि एवढंच विचारायची: जेवला का?

त्या आठवड्यात बर्फावर घसरलेले चौघे आले नि गेले.
एका पोराच्या प्लास्टरवर रेमीनं सहीसुद्धा केली,
वळणदार, आडनावासकट.
त्याच्यावर सही करायला
कुठे जागाच नव्हती.

मी वही घातली. तारीख, गाव, उत्तर.
अकरा दिवसांचे दोनशे नऊ फोन.

मार्चमध्ये ऑगस्टाला सुनावणी होती.
बर्फ ढकलणाऱ्या गाडीमागून पाच तास गेले.
समितीपुढे प्रत्येकाला तीन मिनिटं,
टेबलावर हिरवा, पिवळा, लाल दिवा.
भाषण मला येत नाही. वही वाचली.
तारीख, बँगर, नाही.
तारीख, लुइस्टन, नाही.
लाल लागला तेव्हा मी चौथ्याच दिवसावर.
अध्यक्षबाई म्हणाल्या, आभारी आहोत.
तेवढ्यात मागून एक म्हातारा सुतार उठला,
"माझी तीन मिनिटं हिला द्या."
मग एक पाद्रीबाई. मग कुणी एक, नाव न सांगता.
दोनशे नऊ पुरी झाली तेव्हा
बाहेर अंधार पडला होता
आणि कुणी फोनकडे बघत नव्हतं.

कायदा झाला. मागितलं त्याच्या तिसऱ्या हिश्शाचा.
बोळाच्या शेवटी आता दोन खोल्या आहेत,
खिडकी आहे, दाराला दार आहे,
दिव्याचं बटण आतल्या बाजूला.
खुर्चीत नर्स बसते, शिपाई नाही.
यादी अजून काचेखाली. काल सातव्या नंबरनं
"आहे, पाठवा" म्हटलं
आणि मी सवयीनं
आठवा लावून बसले.

रेमीला बाराव्या दिवशी खाट मिळाली होती,
साडेचार तासांवर.
निघताना त्यानं नाड्या मागितल्या.
बोटं थरथरत होती, गाठ बसेना.
लॅग्रास खाली गुडघ्यांवर बसला,
पिस्तूल मागे सरकवलं,
आणि दोन्ही बूट बांधून दिले, लहान पोराला बांधतात तसे,
दुहेरी गाठीनं.

हे मी ऑगस्टात वाचलं नाही.
वहीत त्याला रकाना नव्हता.